नवरा कॅनडात, आपण नाशिकात: पीआर ते नागरिकत्व

डिसेंबर २०१८ मध्ये निफाडजवळच्या एका लॉन्सवर माझं लग्न झालं. नवरा तीन आठवड्यांची रजा काढून आला होता. सत्यनारायण, जागरण-गोंधळ, दोन्हीकडची जेवणं उरकली आणि तो टोरांटोच्या विमानात बसला. मी गंगापूर रोडला सासरी. पुढचे तेरा महिने मी नवऱ्यापेक्षा त्याच्या देशाच्या फॉर्मांशीच जास्त संसार केला.

आता मी कॅनडाची नागरिक आहे. महिन्या-दोन महिन्यांनी नात्यातली कुणीतरी विचारतेच, "ताई, नेमकं काय काय लागतं गं?" तेच एकदा नीट लिहून ठेवते. लिहिलंय बायकोच्या बाजूने, पण बायको तिकडे आणि नवरा इकडे असला तरी नियम तेच.

१. आधी आपला रस्ता कोणता ते बघा

नवऱ्याकडे आज काय आहे, यावर सगळं ठरतं.

नवरा तिथला नागरिक किंवा पीआर (परमनंट रेसिडेंट, म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी असलेला) असेल, तर तो तुम्हाला स्पॉन्सर करतो. हा लेख मुख्यतः याच रस्त्याचा आहे. यात एक फरक लक्षात ठेवा. नागरिक असलेला नवरा कॅनडाबाहेर राहूनही स्पॉन्सर करू शकतो, फक्त तुमचा पीआर झाल्यावर परत जाणार हे दाखवावं लागतं. पीआर असलेल्या नवऱ्याने मात्र कॅनडातच राहत असायला हवं. 'बायको इथे एकटी' म्हणून नोकरी सोडून सहा महिने नाशिकला येऊन बसणं अंगाशी येऊ शकतं. पंधरा-वीस दिवसांच्या फेरीला हरकत नाही.

नवऱ्याचा पीआर अजून व्हायचा असेल आणि तो एक्स्प्रेस एंट्रीतून (कुशल लोकांची गुणांवर होणारी निवड) अर्ज करत असेल, तर तुम्ही त्याच अर्जात त्याच्यासोबत जाता. इथे तुमचं शिक्षण आणि इंग्रजीही मोजलं जातं: भाषेचे २०, शिक्षणाचे १० आणि कॅनडातल्या अनुभवाचे १० असे जास्तीत जास्त ४० गुण बायकोच्या खात्यात असतात. त्यासाठी पदवीचं मूल्यांकन लागतं. नाशिकची बहुतेक कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली आहेत, तेव्हा ट्रान्सक्रिप्टची व्यवस्था तिथून लागते. मुक्त विद्यापीठ किंवा आरोग्य विज्ञान विद्यापीठ असेल तर दोन्ही इथे नाशिकलाच आहेत, तेवढा एक प्रवास वाचला.

नवरा नुसता वर्क परमिटवर किंवा शिकायला असेल, तर बायकोच्या ओपन वर्क परमिटचे (कुठेही नोकरी करायची परवानगी) नियम २१ जानेवारी २०२५ पासून बरेच आवळले आहेत. नवऱ्याचं काम किंवा कोर्स त्यात बसतो का, हे आधी बघा. शेजारणीच्या सुनेला तीन वर्षांपूर्वी मिळालं होतं, यावर जाऊ नका. आणि नवरा क्युबेकमध्ये असेल तर त्या प्रांताची वेगळी प्रक्रिया आहे, तिची माहिती वेगळी काढा.

आता सगळ्यात मोठा खड्डा. मुलाने पीआरचा अर्ज एकट्याने केलेला असतो. मंजुरी येईपर्यंत इकडे स्थळं बघणं चालू असतं. तो दिवाळीला येतो, लग्न उरकतं, आणि महिन्याभराने तो पीआर म्हणून कॅनडात उतरतो. मधे लग्न झालं हे कुणाला कळवायचं असतं, हे त्याच्या गावीही नसतं. पीआर होताना ज्या बायकोचं नाव कळवलं नाही, तिला पुढे फॅमिली क्लासमधून, म्हणजे कुटुंबीय म्हणून, स्पॉन्सर करता येत नाही, असा नियम आहे. लग्न झालं की पहिलं काम तिथल्या इमिग्रेशन खात्याला कळवण्याचं, हनिमून नंतर. स्थळ बघायला आलेल्या मुलाला पगार विचारता, तसं हेही विचारा: "पीआरचा अर्ज चालू आहे का, आणि त्यात काय लिहिलंय?"

२. लग्नाची नोंदणी आणि नावाचा घोळ

लग्नपत्रिका आणि अल्बम म्हणजे पुरावा नव्हे, विवाह नोंदणीचा दाखला हवा. शहरात महापालिकेच्या विभागीय कार्यालयात (पूर्व, पश्चिम, पंचवटी, सिडको, सातपूर, नाशिकरोड), गावाकडे ग्रामपंचायतीत नोंदणी होते. तीन साक्षीदार, लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही, दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, पत्रिका, लग्नातला फोटो अशी तयारी ठेवा. नवरा परत जाण्याआधी हे करा. आम्ही हळदीच्या आदल्या दिवशीच गुरुजींचं आधार कार्ड मागून ठेवलं होतं. ते हसले, पण दिलं.

नोंदणीपेक्षा जास्त डोकेदुखी नावाची. आपल्याकडे लग्नात मुलीचं आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, काही घरांत तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहून पहिलं नावही बदलतात. मग पासपोर्टवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पत्रिकेवर तिसरंच, आणि बँकेत अजून लहानपणीचं स्पेलिंग. नाशिकच्या माणसाला यात काहीच वावगं वाटत नाही. ओटावातल्या अधिकाऱ्यासमोर मात्र तीन बायका उभ्या राहतात.

माझा सल्ला: पीआर हातात पडेपर्यंत नाव बदलू नका. पासपोर्टवर जे नाव आहे तेच सगळीकडे चालू ठेवा. सासूबाईंना वाईट वाटेल, त्यांना सांगा की कागदावर आणि घरात वेगवेगळी नावं चालतात. आधीच बदललं असेल तर लपवू नका. फॉर्ममध्ये 'इतर नावं' असा रकाना असतो, त्यात लग्नात ठेवलेल्या नावासकट सगळं लिहा, आणि राजपत्रात नाव बदललं असेल तर ती प्रत जोडा. आणखी एक गोष्ट: आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पासपोर्टवर बहुतेकदा पहिल्या नावाच्याच रकान्यात जातं. कॅनडाच्या फॉर्ममध्ये पासपोर्टवर जसं आहे तसंच, त्याच रकान्यात भरा. स्वतःचं डोकं लावून 'मधलं नाव' वेगळं काढू नका.

३. कागदांची पिशवी

तुमच्याकडून:
- पासपोर्ट, सगळ्या शिक्के मारलेल्या पानांसकट, जुने असतील तर तेही
- जन्मदाखला
- विवाह नोंदणी दाखला
- पासपोर्ट कार्यालयाचं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट
- फोटो
- आधी लग्न झालेलं असेल तर घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा मृत्यूचा दाखला

नवऱ्याकडून: पीआर कार्ड किंवा नागरिकत्वाचा पुरावा, नोकरीचं पत्र, तिथल्या प्राप्तिकर खात्याचं नोटिस ऑफ असेसमेंट. बायकोसाठी उत्पन्नाची ठरावीक किमान अट सहसा नसते. पण अपंगत्व सोडून इतर कारणाने सरकारी मदतीवर जगणाऱ्याला स्पॉन्सर होता येत नाही. शिवाय तो तीन वर्षं तुमचा खर्च उचलण्याची हमी लिहून देतो.

फक्त मराठीत असलेल्या कागदाचं इंग्रजी भाषांतर लागतं. घरातल्या कुणी केलेलं चालत नाही, मग मामा इंग्रजीचे प्राध्यापक का असेनात. प्रमाणित अनुवादक नसेल तर अनुवादकाचं प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. ते नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळ जिल्हा न्यायालयाबाहेर नोटरीकडे होतं. अपोस्टिलच्या (कागद परदेशात ग्राह्य धरावा म्हणून मारायचा सरकारी शिक्का) नावाखाली एक जण आमच्याकडून बरेच पैसे मागत होता. माझ्या अर्जात त्याची कुठेही गरज पडली नाही. चेकलिस्टमध्ये नाही त्यावर रुपया घालवू नका.

फोटोचा आकार ५० बाय ७० मिलिमीटर. आपले स्टुडिओवाले नेहमीच्या सवयीने ३५ बाय ४५ काढून देतात. माप कागदावर लिहून न्या.

४. फॉर्म

मुख्य फॉर्म असे: नवऱ्याचा आयएमएम १३४४, तुमचे आयएमएम ०००८, ५६६९ आणि ५४०६, दोघांचा मिळून ५५३२, आणि चेकलिस्ट ५५३३. मी २०१९ मध्ये अडीच किलोचा गठ्ठा कुरिअर केला होता. आता सगळं ऑनलाइन पोर्टलवर चढवायचं असतं आणि खातं तुमच्या, म्हणजे बायकोच्या नावाने उघडतं.

५६६९ मध्ये गेल्या दहा वर्षांत तुम्ही काय करत होता ते महिन्यानिशी विचारतात. एक महिनाही रिकामा सोडायचा नाही. मी बी.कॉम.नंतरचे आठ महिने सोडून दिले, कारण 'काहीच करत नव्हते'. खरं तर घरी बसून बँकेच्या परीक्षांचा अभ्यास करत होते आणि जानेवारीत द्राक्षाच्या पॅकिंगला हातभार लावत होते. खुलासा मागणारं पत्र आलं, सहा आठवडे वाया गेले. घरी होतात तर 'घरी होते' असं लिहा. तेही उत्तर आहे.

अर्धवट अर्ज थांबवून ठेवत नाहीत, अख्खा परत पाठवतात. एखादी सही राहिली तरी.

५. तुमच्या लग्नाची गोष्ट

५५३२ हा फॉर्म सगळ्यात हलका समजून लोक शेवटी घाईत भरतात. अर्ज बुडतो तो बहुतेक इथेच. तुम्ही कुठे भेटलात, कुणी ओळख करून दिली, लग्नाला कोण होतं, कोण नव्हतं आणि का नव्हतं, हे सगळं त्यात असतं. त्यांना एकच गोष्ट तपासायची असते: हे लग्न खरं आहे की व्हिसासाठी लावलेलं?

आता आपली गोष्ट त्यांच्या चष्म्यातून बघा. कांदेपोह्याला पंचेचाळीस मिनिटं भेटले. त्यातली वीस मिनिटं गच्चीवर, तीही धाकट्या भावाच्या देखरेखीखाली. बारा दिवसांनी साखरपुडा, दोन महिन्यांनी लग्न, त्यानंतर बारा दिवस एकत्र. आपल्याला यात नवल नाही, आपल्या आयांची लग्नं याहून कमी भेटीत झाली. पण ज्याने असं लग्न पाहिलेलंच नाही, त्याला हे संशयास्पद वाटणारच.

म्हणून सोपं करून, पण सगळं लिहा. मी असं लिहिलं होतं: माझ्या आत्याचे यजमान आणि सासरे एकाच कारखान्यात होते, त्यांनी स्थळ सुचवलं, पत्रिका जुळवली, दोन्ही घरं एकमेकांकडे जाऊन आली, आम्ही दोघं साखरपुड्याआधी सात वेळा व्हिडिओ कॉलवर बोललो, होकार माझा होता. 'होकार माझा होता' हे वाक्य नवऱ्याने सुचवलं, आणि ते फार महत्त्वाचं आहे. लग्न घाईत का झालं? कारण जानेवारीनंतर द्राक्षाची काढणी सुरू होते आणि मग आमच्याकडे कुणालाच वेळ नसतो. हे कारण मूर्खपणाचं वाटेल म्हणून मी आधी लिहिणार नव्हते. पण तेच खरं होतं, आणि खऱ्या कारणात एक पक्केपणा असतो.

फोटो वीसच्या आत. त्यांतले पंधरा स्टेजवरचे पोझचे नकोत. साखरपुडा, हळद, कन्यादान, सासरचा गृहप्रवेश, नंतर नवरा पुन्हा आला तेव्हाची काळारामाच्या दर्शनाची किंवा सोमेश्वरची साधी सेल्फी असं पसरवा. प्रत्येकाखाली तारीख, जागा आणि कोण कोण आहे ते लिहा. 'मामा' लिहून भागत नाही, 'वधूच्या आईचा भाऊ' असं लिहावं लागतं. चॅटची पानं दहाच्या आत ठेवा: महिन्यागणिक एखादं पान, निव्वळ 'जेवलास का' नव्हे, तर भाडं, सासूबाईंचं आजारपण, भांडण, समेट. मराठी चॅटचं भाषांतर करायचं विसरू नका. आमची अर्धी पानं इंग्रजी लिपीतल्या मराठीत होती आणि तीही भाषांतरित करावी लागली. पैसे पाठवल्याच्या नोंदी, विम्यात वारस म्हणून तुमचं नाव, त्याच्या येण्याची तिकिटं हेही जोडा.

दोघांची उत्तरं एकमेकांशी जुळवून पहा. नवऱ्याने पहिली भेट ऑगस्टमध्ये लिहिली आणि तुम्ही सप्टेंबरमध्ये, असं होतं. पुरुषांच्या तारखांवर विश्वास ठेवू नये, एवढं मी अनुभवाने सांगते.

६. पोलीस, बोटांचे ठसे, डॉक्टर

पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातूनच हवं. पोलिसांकडून नोकरीसाठी मिळतो तो चारित्र्य पडताळणीचा दाखला वेगळा, तो इथे उपयोगाचा नाही. पासपोर्टच्या संकेतस्थळावर अर्ज, ५०० रुपये फी, मग नाशिकच्याच केंद्रात जायचं. अर्ज करताना हे सहा महिन्यांपेक्षा जुनं नसावं. नुकतंच सासरी गेलेल्या मुलीकडे तिथल्या पत्त्याचा पुरावा नसतो. मी पत्ता माहेरचाच ठेवला आणि पडताळणी तिकडच्या ठाण्याकडून झाली.

बायोमेट्रिक्सचं पत्र आलं की पुणे किंवा मुंबईच्या व्हिसा अर्ज केंद्रात जायचं. काम दहा मिनिटांचं, पण पुण्याला जायचं तर चाकणच्या ट्रॅफिकचा हिशेब धरून निघा.

वैद्यकीय तपासणी त्यांच्या यादीतल्याच डॉक्टरांकडे. मी पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन त्याच दिवशी परत आले. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे. दिवस गेले असतील तर आधीच सांगा, एक्स-रे बाळंतपणानंतर करता येतो. तपासणी साधारण वर्षभर ग्राह्य असते, म्हणून पत्र येण्याआधी हौसेने करून घेऊ नका.

७. पैसे आणि एजंट

३० एप्रिल २०२४ च्या दरपत्रकानुसार स्पॉन्सरशिप ८५, प्रक्रिया ५४५ आणि पीआर हक्काचे ५७५, मिळून १,२०५ कॅनेडियन डॉलर; बायोमेट्रिक्सचे ८५ वेगळे. हे दर दोन वर्षांनी वाढतात, भरायच्या दिवशीचा आकडा पहा.

कॉलेज रोडला एका एजंटने आम्हाला 'गॅरंटी' दिली होती. शिवाय प्रेमपत्रं 'तयार करून' देण्याची तयारीही दाखवली. उठून आलो. खोटी माहिती सापडली तर पाच वर्षांची बंदी लागते, आणि ती लागते तुम्हाला, एजंटला नाही. पैसे घेऊन सल्ला देणारा तिथला वकील किंवा तिथल्या इमिग्रेशन सल्लागारांच्या नियामक संस्थेचा (तिच्या नावात 'कॉलेज' आहे) परवानाधारक असावा लागतो. परवाना क्रमांक मागा आणि त्यांच्या जाहीर यादीत पडताळा. साध्यासरळ लग्नाला एजंट लागतच नाही, असं माझं मत आहे.

८. मंजुरी आली, आता निघताना

पीआरच्या कागदावर शेवटची तारीख असते, बहुतेकदा वैद्यकीय तपासणीशी बांधलेली. ती वाढवून मिळत नाही. 'बहिणीचं लग्न उरकून जाते' म्हणण्याआधी ती वाचा.

सोनं नेणार असाल तर दागिन्यांची फोटो आणि किमतीसह यादी करा, ती तिकडे उतरताना कस्टम्सला दाखवायची. इथून निघताना विमानतळावर भारतीय कस्टम्सकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट घेतलंत तर तेच दागिने परत आणताना शुल्काचा वाद होत नाही. गोडा मसाला, कुरडया न्यायला हरकत नाही, पण फॉर्मवर खाद्यपदार्थ आहेत असं सांगा.

पीआर कार्ड नंतर टपालाने येतं. ते येण्याआधी कॅनडाबाहेर पडलात तर परतीसाठी वेगळं प्रवासपत्र काढावं लागतं. पुढे पीआर टिकवायचा तर दर पाच वर्षांत ७३० दिवस तिथे राहावं लागतं.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. 'दोन वर्षं नवऱ्यासोबत राहिलं नाही तर पीआर जातो' असं अजूनही सांगितलं जातं. काही जोडप्यांना लागू असलेली ती अट एप्रिल २०१७ मध्ये रद्द झाली. खऱ्या लग्नाने मिळालेला पीआर तुमचा स्वतःचा असतो. घरात मारहाण होत असेल आणि कुणी पीआरची भीती घालत असेल, तर ती भीती खोटी आहे.

९. नागरिकत्व

नवरा नागरिक आहे म्हणून बायको आपोआप नागरिक होत नाही, आणि तिला दिवसांची सूटही नाही. अर्जाआधीच्या पाच वर्षांत १,०९५ दिवस प्रत्यक्ष कॅनडात हवेत. पीआर होण्याआधी व्हिजिटर किंवा वर्क परमिटवर राहिलेला प्रत्येक दिवस अर्धा धरतात, तोही जास्तीत जास्त ३६५ दिवसांपर्यंत. जायचा आणि यायचा दिवस कॅनडातलाच मोजतात. मी जानेवारी २०२० मध्ये पोचले आणि दोन महिन्यांत लॉकडाऊन लागला. आजीच्या दहाव्याला येता आलं नाही, ते अजून सलतं. दिवस मात्र एकही कमी पडला नाही. काठावर अर्ज करू नका, पंधरा-वीस दिवस वर असू द्या, आणि प्रत्येक फेरीची तारीख पहिल्या दिवसापासून वहीत लिहा.

पाचपैकी तीन वर्षांची करविवरणं भरलेली हवीत. नोकरी नसली तरी शून्याचं विवरण भरत राहा. १८ ते ५४ वयाला भाषेचा पुरावा आणि परीक्षा असते. माझं शिक्षण मराठी माध्यमाचं, म्हणून मी जुना आयईएलटीएस जनरलचा निकाल लावला. मुदत संपलेला निकालही चालतो आणि त्यातलं फक्त ऐकणं-बोलणं बघतात. परीक्षेत २० प्रश्न, १५ बरोबर हवेत. सरकारी पुस्तिका फुकट मिळते, तेवढी दोनदा वाचली की पुरे. प्रौढांसाठी प्रक्रिया फी ५३० डॉलर, वर नागरिकत्व हक्काचं शुल्क. शपथ मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉपसमोर घेतली, गॅसवर वरण होतं.

१०. इकडची बाजू, आणि सातबारा

शपथ घेतली त्या क्षणी, १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे, भारताचं नागरिकत्व संपतं. दोन्ही पासपोर्ट ठेवता येत नाहीत. भारतीय पासपोर्टवर शिल्लक मुदत दिसते म्हणून त्यावर प्रवास करू नका, दंड बसतो. आधी तो सरेंडर करून दाखला घ्या, मग ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड). ओसीआय काढताना 'भारतीयाची पत्नी' म्हणून नव्हे, स्वतः पूर्वी भारतीय नागरिक होते या आधारावर काढा. पत्नी म्हणून काढलेलं कार्ड घटस्फोट झाला तर रद्द होऊ शकतं.

मतदान जातं. शेतजमीन विकत घेता येत नाही, तीच गत फार्महाऊसची. तुम्ही परदेशी राहू लागलात की, नागरिकत्व भारताचंच असलं तरी, हा निर्बंध लागू होतो. वडील म्हणतील, "मग बक्षीसपत्र करून देतो." शेतजमिनीचं बक्षीसही घेता येत नाही. वारशाने मात्र येते. म्हणजे आज सातबाऱ्यावर असलेलं नाव शपथेमुळे कमी होत नाही, आणि वडिलांमागे मुलीचा जो हिस्सा आहे तो कॅनडाची नागरिक झाल्यानेही जात नाही. पुढे विकायची झाली तर ती भारतात राहणाऱ्या भारतीयालाच विकता येते.

हे मी एवढं खुलवून लिहितेय, कारण माझ्या पासपोर्टची बातमी गावात पोचली त्याच आठवड्यात एक काका हक्कसोडपत्राचा कागद तयार करून घेऊन आले होते. "आता तुला कायद्यानेच मिळत नाही, नुसती सही कर." मी वाचायला म्हणून ठेवून घेतला. तो अजून माझ्याकडेच आहे.